शिडीवरून म्हणायचा शब्द

कल्पना करा, एक लांबट खोली आहे. छप्पर उंच, जमिनीवर लाकडाचा भुसा, हवेत पॉलिशचा वास. शिंक आली तर देऊन टाका, इथे कुणी रागवत नाही. भिंतींना पाठ टेकून शिड्याच शिड्या उभ्या आहेत, वर्गात शिक्षा झालेल्या मुलांसारख्या. एखादी ठेंगणी, दोनच पायऱ्यांची, स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीपुरती. एखादी इतकी उंच की तिचं टोक पाहताना मान अवघडावी. दिसली खोली? आता तिच्या मधोमध एक मुलगी उभी करा. वय दहा-अकरा, केसांत भुसा, हातात झाडू. झाडू हातात आहे खरा, पण खोली सकाळी होती तशीच आहे.

ही ओकेबाई. घरी तिला चांगलं नाव आहे, आईने विचार करकरून ठेवलेलं. पण सुट्टीत ती मामाकडे राहायला आली आणि दोन दिवसांत मामाने तिचं हे दुसरं बारसं करून टाकलं. त्याला कारणही तसंच होतं.

"दूध पिऊन घे गं."

"ओके."

दूध तसंच. वर साय धरलेली.

"खिडकी लावून घे, भुसा शेजाऱ्यांच्या कपड्यांवर उडतोय."

"ओके."

खिडकी सताड उघडी. शेजारीण दारात हजर.

मुलगी खोटारडी नव्हती बरं का. तिचं मन साफ होतं, फक्त जीभ कानांच्या पुढे धावायची. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत ओके बाहेर पडलेलं असायचं, आणि एकदा ते बाहेर पडलं की काम झाल्यासारखंच तिला वाटायचं.

आता या शब्दाची गंमत पाहा. इंग्रजीतून आपल्याकडे पाहुणा म्हणून आला आणि घरचाच होऊन बसला. हो, बरं, ठीक, चालेल, समजलं, पुरे, या सगळ्यांची कामं तो एकटाच ओढतो. गावभरची कामं अंगावर घेणाऱ्या माणसाचं जे होतं, तेच त्याचंही झालं. एकही काम धड नाही. पण मामाच्या कारखान्यात मात्र या शब्दाला एकच काम होतं, आणि त्या कामात कसूर झालेली कुणी पाहिली नव्हती.

तिथली पद्धत अशी. शिडी मामा बनवायचा. पॉलिशकाका तिला घासूनपुसून चकचकीत करायचे. मग रात्रभर तिच्या पायऱ्यांवर वाळूच्या गोण्या ठेवायच्या, म्हणजे वजन पेलते की नाही ते कळतं. आणि सगळ्यात शेवटी मामी यायची. चपला काढायची, शिडीला दोन्ही हातांनी धरायची, डोळे मिटायची आणि अनवाणी, सावकाश, पायरीपायरीने वर चढायची. शेवटच्या पायरीवर उभी राहून डोळे उघडायची आणि वरूनच म्हणायची, "ओके." की शिडी विकायला तयार. कागद नाही, शिक्का नाही. वरून म्हणायचं आणि खाली ऐकायचं. खाली उभं राहून ओके म्हटलेलं मामी मोजतच नसे.

"जमिनीवरनं काय, कुणीही म्हणेल," ती म्हणायची.

त्या दिवशी नेमकं काय झालं, तर मामीचा पाय मुरगळला. कशावरून पडली? घराच्या दारातल्या पायरीवरून. एवढीशी पायरी, हातभरसुद्धा उंच नाही.

"जन्मभर शिड्या चढली आणि दारात आपटली," पॉलिशकाका म्हणाले. "पोहणारा बादलीत बुडावा तसं झालं, वहिनी."

"हसा," मामी म्हणाली. "ती पायरी कुणी ओके केली नव्हती, म्हणून पडले." पायाला घट्ट पट्टी बांधून, तो दुसऱ्या खुर्चीवर ठेवून, ती कारखान्याच्या दाराशी राणीसारखी बसली.

आणि त्याच दिवशी ग्रंथपालबाई आल्या. गावातल्या वाचनालयाची जुनी शिडी मोडली होती. नवी शिडी मामाने तयार ठेवली होती. सात पायऱ्यांची, घडी घालता येणारी, पायऱ्या रुंद आणि सपाट. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयात मुलांची नवी खोली उघडायची होती आणि वरच्या फळ्या अजून रिकाम्या होत्या. बाई टेम्पो घेऊनच आल्या होत्या. चष्मा कपाळावर, खांद्याला जड पिशवी, आणि बोलणं असं की वाक्याला वाक्य खेटून उभं.

"झाली ना शिडी, मिस्त्री? चला, चढवा टेम्पोत. तीन पेट्या पुस्तकं लावायची आहेत मला आज. दोन्ही हातांत पुस्तकं घेते आणि चढते, उतरते, परत घेते. पायाकडे बघायला सवड कुणाला आहे?"

"ओके व्हायची आहे अजून," मामा म्हणाला.

"मग म्हणा की ओके."

"मी नाही म्हणू शकत. मी केलीय ती."

"मग हे म्हणतील." बाईंनी पॉलिशकाकांकडे बोट केलं.

"माझाही हात लागलाय तिला."

"मग मीच म्हणते. मीच चढणार आहे ना?"

दाराशी बसलेली मामी हसली. "बाई, करणाऱ्याने ओके म्हणायचं नाही, त्याची माया असते. घेणाऱ्यानेही म्हणायचं नाही, त्याला घाई असते. तिसरं माणूस लागतं."

"आणि तिसरं माणूस पाय वर करून बसलंय," बाई म्हणाल्या.

 टेम्पोवाल्याने बाहेरून एकदा भोंगा वाजवून घेतला. मग मामीची नजर खोलीभर फिरली आणि झाडूपाशी येऊन थांबली.

"त्या शिडीला तू हात लावला होतास का गं?"

"नाही," ओकेबाई म्हणाली.

"भुसा तरी झाडलास का तिच्यावरचा?"

"नाही."

"चला, आळशीपणाचा एकदा तरी उपयोग झाला. ये इकडे."

मामाने कपाळाला हात लावला. "अगं, हिला? ही तर झोपेतसुद्धा ओके म्हणते. काल कुणाचा तरी चुकून फोन आला होता, त्यालाही ओके म्हणाली."

"म्हणूनच," मामी म्हणाली. तिने भाचीला खुर्चीजवळ ओढलं आणि आवाज खाली आणला. "हे बघ. हो म्हणजे मी ऐकलं. चालेल म्हणजे मी भांडत नाही. आणि इथलं ओके म्हणजे, मी बघितलंय, आता तुम्ही नाही बघितलंत तरी चालेल. कळलं? तू ओके म्हटलंस की त्या बाई पायाकडे बघणार नाहीत. त्यांचं बघणं तू आपल्याकडे घेतेस."

ओकेबाईच्या ओठांवर तो शब्द आलाच होता. तिने तो कसाबसा गिळला आणि नुसती मान हलवली.

मामा एका बाजूने, पॉलिशकाका दुसऱ्या बाजूने शिडी धरून उभे राहिले. (तुम्ही घरी असलं काही करणार असाल तर मोठी माणसं धरायला असल्याशिवाय करू नका. ओकेबाईलाही एकटीला चढू दिलं नव्हतं.) तिने चपला काढल्या, आणि खारीसारखी तुरुतुरु वर गेली. वर पोचते न पोचते तोच म्हणाली, "ओके."

"उतर," मामी म्हणाली.

"का?"

"हे तुझं दुधाचं ओके झालं. डोळे उघडे होते. पायांना काही विचारलंसच नाहीस. परत चढ, हळू. प्रत्येक पायरीवर थांब आणि पाय काय म्हणतो ते ऐक."

ग्रंथपालबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, पण पिशवी खांद्यावरून खाली ठेवली.

ओकेबाईने डोळे मिटले. डोळे मिटल्याबरोबर शिडी एकदम उंच झाली. पहिली पायरी गार होती, गुळगुळीत. दुसरी तशीच. पाय उचलायचा, वर न्यायचा, आणि जिथे वाटतं तिथे पायरी हजर. तिसरी. चौथी. आता तिला गंमत वाटायला लागली. पाय आपले आपण मोजत होते, जणू शिडी पुढचं पाऊल हातात देत होती. पाचवी.

पाचवीवर पाय टेकला आणि बोटांकडची बाजू किंचित खाली बसली. किती? सांगण्याइतकंही नाही. खुर्चीवर बसताना खुर्ची आपल्याला वाटली त्यापेक्षा केसभर खाली असावी, तेवढं. ती थांबली. मग सहावीवर गेली. सहावी ठीक होती, सातवीही.

ती वर पोचली आणि डोळे उघडले. खाली चार चेहरे वर बघत होते. मामाचा चेहरा सगळ्यात जवळ होता. या शिडीच्या पायऱ्या त्याने कशा तासल्या ते तिने आठवडाभर पाहिलं होतं. जेवायला हाक मारली तरी तो "आलोच" म्हणून तासत राहायचा.

"म्हण की बाळा," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

म्हणणं किती सोपं होतं. शब्द अगदी दातांच्या मागे उभा होता, दार उघडायची वाट बघत. म्हटलं की मामा खूश, बाई खूश, टेम्पोवाला खूश. आणि तिलाच खात्री कुठे होती? आपलाच पाय वाकडा पडला असेल. पण मग तिला बाई दिसल्या, म्हणजे खाली उभ्या असलेल्या नव्हे, वाचनालयात पोचलेल्या. दोन्ही हातांत हनुवटीपर्यंत पुस्तकं, नजर वरच्या फळीवर, आणि पाय पाचव्या पायरीवर.

"थांबा हं," ती म्हणाली. खाली उतरली, डोळे मिटले, पुन्हा चढली. पाचवीवर बोटं पुन्हा खाली बसली.

"पाचवी वेगळी आहे," ती वरून म्हणाली.

"वेगळी म्हणजे?" मामाने विचारलं.

"माहीत नाही. वेगळी."

"सैल आहे?"

"नाही."

"करकरते?"

"नाही. वेगळी आहे फक्त."

मामाने तिला उतरवलं, खिशातून मोजपट्टी काढली आणि कडेला धरून अंतरं मोजली. पहिली ते दुसरी, दुसरी ते तिसरी, अशी पार सातवीपर्यंत. सगळी सारखी. त्याने पुन्हा मोजली. पुन्हा सारखी. मोजपट्टी त्याने जरा जोरातच मिटली.

"आता मोजपट्टी खोटी की तुझा पाय?"

पॉलिशकाका मिशीत हसले. "ओकेबाईंचं ओके संपलं वाटतं. सकाळपासून फार वापरलं."

ओकेबाईचे कान लाल झाले. तिने मामीकडे पाहिलं. मामी म्हणेल काहीतरी, सांगेल की बरोबर आहे किंवा चूक आहे. पण मामी पट्टी बांधलेल्या पायाकडे बघत बसली होती.

"मामी, तू सांग ना."

"मी कुठे चढलेय? मी कसं सांगू?"

"मिस्त्री, मला चालेल हो," ग्रंथपालबाई मध्ये पडल्या. "इतकी सुंदर शिडी आहे. पोरीला उगाच कशाला रडवता? माझी शिडी, मी म्हणते चालेल."

"तुम्हाला चालेल ते दिसतंय," मामी म्हणाली. "तिला म्हणता येतंय का ते बघायचंय."

सगळे पुन्हा ओकेबाईकडे वळले. मामाचा आवाज आता मऊ झाला होता, आणि तेच तिला जास्त जड गेलं. "अगं, मी वीस वेळा बघितल्यात या पायऱ्या. म्हण, ओके. जाऊ दे बाईंना."

तिने तोंड उघडलं. मिटलं. पायाच्या बोटांनी भुशात एक रेघ ओढली.

"मला म्हणता येत नाही, मामा," ती म्हणाली. "तुझी शिडी छान आहे. पण मला म्हणता येत नाही."

रडली नाही हं ती. आवाज थोडा हलला, एवढंच.

 मामा शिडीसमोर उकिडवा बसला आणि नुसता बघत राहिला, शिक्षकाने भरल्या वर्गाकडे बघावं तसा. कोण गडबड करतंय ते आपोआप कळेल म्हणून. मग त्याने कानामागे खोचलेला खडू काढला. लाकडावर खुणा करायचा गोल पांढरा खडू, वापरून वापरून बोटाच्या पेराएवढा उरलेला. तो त्याने पहिल्या पायरीवर आडवा ठेवला आणि हात काढून घेतला. खडू जागचा हलला नाही. दुसरीवर ठेवला, हलला नाही. तिसरीवर, चौथीवर, तसाच.

पाचवीवर ठेवला. खडू क्षणभर विचारात पडल्यासारखा थांबला. मग अगदी सावकाश, कुणाला न सांगता निघून जाणाऱ्या पाहुण्यासारखा, मागे घरंगळला आणि पायरीच्या पलीकडे खाली पडला. भुशात पडल्यामुळे आवाजही झाला नाही.

मामाने तो उचलला आणि पुन्हा ठेवला. खडू पुन्हा मागे गेला.

"पुढची कड मोजत होतो मी," तो म्हणाला. "पुढची कड बरोबर आहे. मागची खाली बसलीय. खाच मागच्या बाजूला जास्त खोल गेली." त्याने पायरीवर अंगठा फिरवला. "सूतभरसुद्धा नाही गं. तुला कळलं कसं?"

"मला नाही कळलं. पायाला कळलं."

"पाय कुणाचा?" पॉलिशकाकांनी विचारलं.

"माझाच."

"मग तुलाच कळलं," पॉलिशकाका म्हणाले, आणि या वेळी मिशीत हसले ते वेगळं हसणं होतं.

ग्रंथपालबाईंनी पुढे होऊन खडू स्वतः एकदा ठेवून पाहिला. तो पडल्यावर त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पायरीकडे, मग मुलीकडे पाहिलं. "जुन्या शिडीवर मी दोनदा घसरले होते," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळा वाटलं, आपलंच वय झालं." मग दारातून बाहेर डोकावून त्यांनी टेम्पोवाल्याला सांगितलं, "दादा, चहा पिऊन या. सावकाश प्या."

टेम्पोवाला काहीतरी पुटपुटला. सावकाश चहा पिण्याचे पैसे मिळतात का, असं काहीसं होतं ते. पण गेला.

मामाने पाचवी पायरी सोडवली. खाचेत मागच्या बाजूला लाकडाची पातळ चकती बसवली, इतकी पातळ की उजेडासमोर धरली तर पलीकडचं बोट दिसावं. सरस लावला, पायरी परत ठोकली, कडेने फिरून फिरून पाहिलं. ओकेबाई शेजारी बसून हवं ते हातात देत होती. एकदा त्याने "लाकडी हातोडी दे" म्हटलं तर तिच्या तोंडून काहीच आलं नाही, फक्त हातोडी आली. मामाने हातोडीकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं, आणि कामाला लागला.

"रागावलास?" तिने हळूच विचारलं.

"तुझ्यावर? छे." त्याने एक ठोका दिला. "त्या चार ठोक्यांवर रागावलोय. त्या वेळी बहुतेक जेवायला हाक आली होती आणि मी म्हटलं, एवढी पायरी उरकून जातो. तिथेच हात जड पडला."

"म्हणजे माझ्यामुळे झालं म्हणा की," दाराशी बसलेली मामी म्हणाली. "हाक मीच मारली होती."

"तू शंभर हाका मारतेस. कुठली ती आता कसं सांगणार?"

"शंभर मारते कारण नव्व्याण्णव तुम्हाला ऐकू येत नाहीत."

ग्रंथपालबाई तोवर उलट्या टोपलीवर बसून चहा पीत होत्या आणि पॉलिशकाकांना कुठलं पुस्तक वाचायला आवडेल ते खोदून खोदून विचारत होत्या. आपण लहानपणापासून डब्यांवरच्या सूचनांपलीकडे काही वाचलेलं नाही, असं काका शपथेवर सांगत होते. बाईंचा त्यावर विश्वास नव्हता. उद्या वाचनालयात या, मग बघते, असं त्यांनी बजावलं. सरस सुकेपर्यंत हे असं चालू होतं, आणि खरं सांगायचं तर कुणालाच कंटाळा आला नाही.

सरस सुकला. मामाने पायरीवर बोटाने टकटक केलं, मग खडू ठेवला. खडू ठेवला तिथे राहिला. त्याने मुद्दाम फुंकर मारली, तेव्हा कुठे जरा हलला.

"झालं," मामा म्हणाला. "फक्त पाचवीचंच होतं ना? खडूने सांगितलंच आहे. आता म्हणून टाक."

टेम्पोवाला परत आला होता आणि दारात हात पुसत उभा होता. बाईंनी पिशवी खांद्याला लावली. मामी खुर्चीत जरा सरळ झाली.

ओकेबाई शिडीपाशी गेली. पाचवी पायरी तिच्या छातीच्या उंचीवर होती. तिने हात पुढे केला, पायरीवर ठेवला, थोडा दाबला आणि काढून घेतला. मग मामाला आणि पॉलिशकाकांना दोन्ही बाजूंनी शिडी धरायला सांगितलं, चपला काढून नीट बाजूला ठेवल्या, डोळे मिटले आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.